लॉनमधली पिवळ्या फुलांची आंबुटी: ओळखायची कशी आणि आवरायची कशी

लॉनमध्ये बारीक बारीक पिवळी फुलं दिसायला लागली की पहिले चार दिवस आपण खूशच असतो, छान दिसतंय की, राहू दे. मग पंधरा-वीस दिवसांनी बघावं तर गवताच्या मधेमधे हिरवी चटई पसरलेली, गवत खाली गुदमरलेलं, आणि तेच रोप कुंड्यांत, फरशीच्या फटीत, पायरीच्या कोपऱ्यात, जिथे चिमूटभर माती तिथे. ही आंबुटी. कोणी आंबोशी म्हणतं, कोणी आंबुशी, शास्त्रीय नाव ऑक्झॅलिस कॉर्निक्युलाटा. मी हिच्याशी तीन वर्षं भांडले आणि त्यातली पहिली दोन वर्षं मीच तिला बागभर पेरत होते हे नंतर कळलं, तर ते तुमच्याकडून होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा. आंबुटी किती आहे याला फार महत्त्व नाही, तिला शेंगा धरल्यात की नाही याला आहे. शेंगा नसतील तर निवांत खुरपं घेऊन बसा, तासाभरात काम होतं. शेंगा पिकल्या असतील तर तुम्ही हात लावताक्षणी पुढच्या पिढीची पेरणी झालीच म्हणून समजा.

आधी ओळख पक्की करा

हे वाचून कंटाळा येईल, पण करा, कारण तीन पानांची दोन-तीन रोपं लॉनमध्ये सर्रास दिसतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, एकाचा तर अगदी उलटा.

आंबुटीचं पान म्हणजे एका नाजूक देठावर तीन पानं आणि प्रत्येकाचा आकार पत्त्यातल्या बदामासारखा. बदामाची टोकं मध्यभागी एकत्र आलेली आणि खाच बाहेरच्या बाजूला. ही खाच बघायची, बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल. संध्याकाळी ही पानं छत्री मिटल्यासारखी खाली दुमडतात, दुपारच्या कडक उन्हातही मिटतात, त्यामुळे ओळख पटवायला सकाळी जा, म्हणजे पानं आणि फुलं दोन्ही उघडी सापडतील. पानं हिरवीच असतील असं नाही हां, काही रोपांची पानं तांबूस-जांभळी असतात. मला बरेच दिवस वाटायचं की हे दुसरंच कुठलं तरी तण आहे, पण नाही, तीच बाई वेगळ्या साडीत.

क्लोव्हरलाही तीन पानं असतात म्हणून लोक गोंधळतात. पण क्लोव्हरचं पान लांबट गोल, कडेला हात फिरवला तर बारीक दाते लागतात, आणि पांढऱ्या क्लोव्हरच्या पानावर बऱ्याचदा फिकट पांढरा पट्टा असतो. फूल म्हणजे बारीक फुलांचा गोंडा. तो हवेतला नत्र मुळांच्या गाठींत साठवतो, तेव्हा तुमच्याकडे क्लोव्हर निघाला तर माझं मत विचाराल तर राहू द्या, गवताचा फायदाच आहे. पिवळ्या फुलांचं अजून एक फसवं रोप म्हणजे ब्लॅक मेडिक. त्याचीही फुलं पिवळी, पण बारीक गोंड्यात येतात आणि तीन पानांपैकी मधल्या पानाला स्वतःचा छोटासा वेगळा देठ असतो.

आंबुटीचं फूल सुटं दिसतं, पाच पाकळ्या, साधारण सेंटीमीटरभर रुंद, पिवळंधमक. ऊन असेल तर उघडतं, ढग आले की मिटतं. त्याच्यामागून जी शेंग येते ती एकदा पाहिली की विसरणार नाही, अगदी बाहुलीच्या घरातली भेंडी. एक ते दोन सेंटीमीटर लांब, पाच कडांची, अंगावर बारीक लव. आणि गंमत म्हणजे शेंगेचा देठ खाली वाकलेला असतो पण शेंग मात्र आकाशाकडे ताठ उभी. कॉर्निक्युलाटा या नावाचा अर्थच छोटी शिंगं असलेली. ऑक्झॅलिस हे नाव आंबट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय, कारण पानात ऑक्झॅलिक आम्ल आणि त्याचे क्षार असतात. लहानपणी एखादं पान चावून बघितलेलं असतं आपण सगळ्यांनीच, एखाद्या पानाने काही होत नाही, पण किडनी स्टोनचा त्रास असेल त्यांनी या वाटेला जाऊ नये, आणि गाई-मेंढ्यांनी ढीगभर खाल्लं तर त्यांना ते बाधतं. औषध मारलेल्या लॉनमधलं पान तर चवीलासुद्धा तोंडात घालू नका, हे वेगळं सांगायला नको.

आता तो उलटा प्रकार. फुलं गुलाबी असतील आणि पानं मोठी, जमिनीतून थेट वर आलेली, मधे सरपटणारी दांडी नाहीच, तर ती आंबुटीची बहीण आहे, कंदवाली. शंका असेल तर एक रोप मातीसकट चार बोटं खोल खणून काढा. खाली कांद्याच्या लहान लहान पिल्लांसारखे कंद दिसले तर तिथेच थांबा आणि उपटायचं बंद करा, कारण ओढलं की देठ हातात येतो आणि कंद विखरून मातीतच राहतात, एका रोपाची दहा होतात. तिला मातीच्या ढेकळासकट उचलून टाकावं लागतं, किंवा पानं वारंवार काढून कंदांची शिदोरी संपवावी लागते, नवीन पानं पूर्ण मोठी व्हायच्या आत परत काढायची, आणि हे एखाद-दुसऱ्या महिन्याचं काम नाही. पिवळ्या आंबुटीला कंद नसतात, खाली फक्त एक बारीक सोटमूळ आणि जमिनीलगत पळणाऱ्या दांड्या. म्हणजे हाताने काढण्यासारखी तीच आहे. इथून पुढे सगळं पिवळीबद्दल.

ती पसरते कशी

दोन रस्ते. पहिला, दांड्या. जमिनीला चिकटून पळतात आणि जिथे पेर मातीला टेकलं तिथे नवीन मूळ फुटतं. त्यामुळे वरून एक चटई दिसते पण खाली पाच-सहा ठिकाणी ती रुजलेली असते. तुम्ही मधलं ओढून काढलंत आणि कडेचं पेर राहिलं, तर ते आता स्वतंत्र रोप.

दुसरा रस्ता म्हणजे बी, आणि खरा खेळ तिथे आहे. शेंगेत प्रत्येक बीला पांढरट लवचिक वेष्टन असतं. बी पिकलं की या वेष्टनात ताण येतो आणि शेंगेला जरासा धक्का लागला की ते झटकन आतलं बाहेर उलटं होतं आणि बी शेंगेच्या फटीतून गोळीसारखं सुटतं, दीड-दोन मीटर सहज. पिकलेल्या शेंगेला बोटाने टिचकी मारून बघा, चेहऱ्यावर उडतं. एकदा मी लहान भाचीला हे करून दाखवलं, तिला इतकं आवडलं की तिने अर्ध्या तासात आख्ख्या वाफ्यातल्या शेंगा फोडल्या, आणि त्याचं फळ मला पुढे आठ-दहा महिने मिळत राहिलं.

हे बी मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं, तपकिरी, अंगावर आडव्या खरबरीत रेघा, आणि चिकट. बुटाला, पॅन्टच्या शिवणीला, कुत्र्याच्या केसांना, लॉनमोव्हरच्या पात्याला, कुंडीच्या बाहेरच्या अंगाला, कशालाही चिकटून प्रवास करतं. वर त्याला फार काळ झोपून राहायची गरज नसते, ताजं बी ओल आणि उजेड मिळाला की उगवायला तयार. उजेड हा शब्द लक्षात ठेवा. बी मातीच्या वरच्या थरात असेल तरच नीट उगवतं, खोल गाडलं गेलं तर बहुतेक बसून राहतं. यातून एक गोष्ट निघते, ती म्हणजे माती विनाकारण उकरायची नाही, कारण प्रत्येक वेळी उकरलं की खालचं बी वर येतं. आणि दुसरी, मातीवर सावली पडेल असं दाट गवत असेल तर त्या बीला उजेडच मिळत नाही. सगळ्या उपायांचा बाप हा आहे, पण त्याच्याकडे नंतर येऊ.

हाताने काढायची पद्धत

आदल्या दिवशी संध्याकाळी पाणी द्या किंवा पावसानंतरचा दिवस धरा. कोरड्या मातीत दांडी तुटते आणि मूळ आत राहतं, मग नुसती कसरत.

खाली बसा, खरंच बसा, वाकून उभ्याने नाही होत हे. आधी शेंगा शोधा. शेंगा दिसल्या तर बाकी काही न करता पहिल्यांदा त्या काढायच्या, हिरव्या असतील तर नुसत्या खुडून पिशवीत, पण पिवळट-तपकिरी झालेल्या असतील तर आख्ख्या झुबक्यावर ओलं फडकं टाकायचं, फडक्यासकट मुठीत धरायचं आणि मग कापायचं. फडकं कशाला, तर उडालेलं बी त्यात अडकतं. बारीक तोंडाची प्लास्टिकची पिशवी वरून घातली तरी चालतं. थोडा वेडेपणा वाटतो पण माझ्या तीन वर्षांतला सगळ्यात उपयोगी पडलेला जुगाड हाच.

मग दांडीचा माग काढायचा. एक टोक धरून हळूहळू मागे मागे जायचं, प्रत्येक पेराखाली खुरप्याचं टोक घालून ते सैल करायचं, असं करत करत मधल्या गड्ड्यापर्यंत पोचायचं जिथून सगळ्या दांड्या फुटलेल्या असतात. तिथे खुरपं किंवा एखादं जुनं सुरीसारखं अरुंद पातं मुळाच्या बाजूने सरळ आत घालून मूळ वर उचलायचं, ओढायचं नाही. सोटमूळ अख्खं आलं की काम झालं. घाईत फटाफट ओढत गेलात तर पाच मिनिटांत लॉन स्वच्छ दिसेल आणि पंधरा दिवसांत परत होतं तसं.

काढलेला माल तिथेच लॉनवर वाळत टाकू नका, ओल असेल तर पेरं परत रुजतात. शेंगा असलेला माल कंपोस्टमध्येही नको. घरगुती कंपोस्टचा ढीग आतपर्यंत एवढा तापत नाही की सगळं बी मरेल, मग पुढच्या वर्षी तुम्ही स्वतःच्या हाताने खत म्हणून बी पसरता. (मी पसरलं. पहिलं वर्ष.) पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, विषय संपवा.

आणि एकदा काढून भागत नाही. दर दहा-पंधरा दिवसांनी एक फेरी, हातात खुरपं, फार तर वीस मिनिटं. उबदार हवेत ती वर्षभर फुलते, जिथे कडक थंडी पडते तिथे हिवाळ्यात मरते पण बी मागे ठेवून जाते. फेरीचा हेतू एकच, एकाही रोपाला शेंग पिकवू द्यायची नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत वाटेल की काहीच फरक नाही, कारण मातीतलं जुनं बी उगवत असतं, तेव्हा सोडून देऊ नका.

मोव्हरने काय होतं

माझी सगळ्यात मोठी चूक. मला वाटलं गवत अगदी बारीक कापलं की आंबुटीही कापली जाईल. पण ती सरपटणारी, पात्याच्या खालीच राहते, उलट गवत अगदी खुरटं केलं की तिला ऊनच ऊन. वर ट्रिमर फिरवला शेंगा असलेल्या जागेवर, म्हणजे टिचकी मारायचं काम मशीनने केलं, एकाच वेळी शेकडो शेंगांवर.

तर कापायची उंची वाढवा. किती ते गवतावर अवलंबून. हरळीच्या जातीचं गवत असेल तर साधारण अडीच ते चार-पाच सेंटीमीटर, रुंद पानाचं सेंट ऑगस्टिन असेल तर सहा-सात आणि त्याहून जरा जास्तही चालतं, थंड हवेतलं टॉल फेस्क्यू असेल तर सात-आठ. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही, नाहीतर गवताला धक्का बसतो आणि ते विरळ होतं, आणि विरळ झालं की पाहुणी परत हजर. जिथे आंबुटी आहे तो भाग सगळ्यात शेवटी कापा, कापलेलं गवत तिथे तरी डब्यात गोळा करा, आणि मशीन आत ठेवायच्या आधी खालची बाजू ब्रशने साफ करा. मशीन माळीकाकांचं असेल आणि ते चार घरी फिरत असेल तर हे अजूनच महत्त्वाचं, तोंडावर सांगायला संकोच वाटतो पण सांगा.

गवत विरळ का झालं ते बघा

आंबट पाला म्हणजे माती आंबट, म्हणून चुना टाका, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. ऐकायला पटतं, पण आंबटपणा पानातल्या आम्लाचा आहे, मातीचा त्याच्याशी संबंध नाही, ती आम्लधर्मी मातीत येते तशी अल्कधर्मी मातीतही मजेत वाढते. मातीची तपासणी न करता चुना टाकलात तर गवताचंच नुकसान व्हायची शक्यता. आंबुटी एक गोष्ट मात्र नक्की सांगते, की इथे मोकळी जागा आहे, ओल आहे आणि गवताला जोर नाही.

रोज थोडं थोडं पाणी मारायची सवय हे त्यातलं मोठं कारण. वरचा सेंटीमीटरभर थर कायम ओला राहतो, जो आंबुटीच्या बीला हवाच असतो, आणि गवताची मुळं मात्र खाली जायचं नाव घेत नाहीत. त्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा भरपूर पाणी, असं की माती वीतभर खोल भिजेल, आणि मधे वरचा थर सुकू द्यायचा. साधारण आठवड्याला अडीच सेंटीमीटर पाणी धरतात, फार कडक उन्हात थोडं जास्त. मोजायला लॉनवर तीन-चार रिकामे डबे ठेवा, स्प्रिंकलर चालू करा आणि डब्यात किती साचलं ते पट्टीने बघा. मी हे केलं तेव्हा कळलं की एका कोपऱ्यात दुप्पट पाणी पडत होतं, आणि आंबुटीचं माहेर नेमकं त्याच कोपऱ्यात.

येण्याजाण्याने माती घट्ट झाली असेल तर दातेरी फावड्याने आठ-दहा सेंटीमीटर खोल भोकं पाडा, वीतभर अंतराने, आणि वर चाळलेलं कंपोस्ट पातळ पसरून झाडूने आत लोटा. आधी म्हटलं की माती उकरू नका आणि आता भोकं पाडा म्हणते, पण उलथापालथ करणं वेगळं आणि भोकं पाडणं वेगळं. फक्त हे काम आधी तण काढून मग करा. खत गवत जोमात वाढत असताना द्या, त्याच्या झोपेच्या दिवसांत दिलेलं खत तणच खातं.

आणि आंबुटी काढल्यावर जे टक्कल पडतं ते त्याच आठवड्यात भरा, हा मुद्दा लोक हमखास विसरतात. हरळीचे तुकडे लावा, बी टाकायचं असेल तर बी टाका, गवताचा चौकोन दुसरीकडून कापून आणा, काहीही करा पण जागा रिकामी ठेवू नका. लॉनच्या कडेच्या फुलांच्या वाफ्यांत पाच-सात सेंटीमीटर जाड पालापाचोळा किंवा सालींचं आच्छादन, म्हणजे तिथल्या बीचा उजेड बंद.

औषधाचं काय

घरगुतीपासून सुरू करते. व्हिनेगर मारला की दुसऱ्या दिवशी पानं करपतात आणि माणूस खूश होतो, पण मूळ जिवंत असतं, शिवाय व्हिनेगरला गवत आणि तण यातला फरक कळत नाही, तो दोघांनाही जाळतो. मीठ तर अजिबात नाही, ते मातीत राहतं आणि मग तिथे काहीच येत नाही. खायचा सोडाही त्याच पंगतीत, सोडियम तो सोडियमच. उकळतं पाणी मात्र फरशीच्या फटीतल्या रोपांना उत्तम, दोन-तीनदा ओतावं लागतं, पाय सांभाळा.

तणनाशक वापरायचंच असेल तर दोन प्रकार समजून घ्या. एक, बी उगवायच्या आधी मारायचं, जे मातीच्या वरच्या थरात पडदा तयार करतं आणि अंकुर मरतो. पेंडिमिथॅलिन, डायथायोपायर, आयसोक्सॅबेन ही त्यातली नावं. उगवलेल्या रोपावर यांचा फारसा उपयोग नाही, म्हणून आधी हाताने साफ करा, मग हे, मग लेबलवर सांगितलंय तेवढं पाणी. आणि त्या जागी गवताचं बी टाकायचा बेत असेल तर हे मारू नका, कारण ते गवताच्या अंकुरालाही सोडत नाही. दोन्ही एकदम जमत नाही, एक काहीतरी निवडा.

दुसरा प्रकार, उगवलेल्या रुंद पानांच्या तणावर मारायचं. इथे लोक टू फोर डी मारतात आणि आंबुटी दोन दिवस मान वाकडी करून परत उभी राहते, कारण एकट्या टू फोर डीचा तिच्यावर जेमतेमच परिणाम होतो. ट्रायक्लोपायर किंवा फ्लुरॉक्सिपायर असलेली मिश्रणं जास्त चालतात. पण ट्रायक्लोपायर हे थंड हवेतल्या गवतांसाठी ठीक, हरळी किंवा सेंट ऑगस्टिनसारख्या उष्ण हवेतल्या गवतांना ते दुखवतं, चांगलंच पिवळं पाडतं. त्यामुळे आपलं गवत कुठलं हे माहीत नसेल तर बाटली उघडू नका. लेबलवर तुमच्या गवताचं नाव आणि या तणाचं नाव दोन्ही असायला हवं, आणि तुमच्याकडे घरच्या लॉनवर ते वापरायला परवानगी आहे ना हेही बघा, देशोदेशी नियम वेगळे. ग्लायफोसेट सगळंच मारतं, ते लॉनवर नाही.

मारायची वेळ म्हणजे रोपं कोवळी, फुलायच्या आधीची, वाढीत असलेली. सुकून गेलेल्या, तहानलेल्या लॉनवर मारू नका, तण औषध नीट शोषत नाही आणि गवतालाच त्रास होतो. वारा नसलेली सकाळ, पारा तिशीच्या खाली, पुढचा दिवसभर पाऊस नाही. दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर गवत कापायचं नाही. टू फोर डीसारख्या औषधाचे तुषार उडून टोमॅटो, गुलाब, द्राक्षवेलीवर गेले तर पानं वेडीवाकडी होतात, म्हणून शेजारच्यांच्या वाफ्याचाही विचार करा. हातमोजे, लांब बाह्या, चष्मा, आणि फवारा पूर्ण वाळेपर्यंत मुलं आणि पाळीव प्राणी आत. लेबलमध्ये जास्त वेळ दिला असेल तर तेवढा. मात्रा लेबलवर आहे तेवढीच, दुप्पट मारून दुप्पट मरत नाही. फवारलेल्या गवताचं कापलेलं लगेच आच्छादन म्हणून वापरू नका, वाफ्यातली झाडं करपतात.

माझं विचाराल तर साध्या घरच्या लॉनला, दोन-चार खोल्यांएवढ्या, औषधाची गरज पडू नये. मी एकदाच मारलं, दुसऱ्या वर्षी, गवताची जात न बघता, आणि महिनाभर लॉन आजाऱ्यासारखं पिवळं पडलं, आंबुटी त्यातून आधी सावरली. दुकानातल्या माणसाने चालेल म्हटलं म्हणून घेतलं होतं, पण लेबल वाचायचं काम माझं होतं.

अगदीच हाताबाहेर गेलं असेल, म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त आंबुटीच दिसत असेल, तर तेवढा तुकडा सोडून द्यायची तयारी ठेवा. सगळं खरवडून, माती सपाट करून, चांगली भिजवून, त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवायचं, कडा मातीत पुरायच्या, आणि वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हाचे चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. खालची माती उकडून निघते आणि वरच्या थरातलं बरंचसं बी जातं. काळं नाही, पारदर्शकच, कारण ऊन आत जायला हवं. सावलीच्या जागी याचा उपयोग नाही. नंतर माती न उकरता तशीच नवीन गवत लावायचं.

ती परत कुठून येते

कुंड्यांमधून. हे मला कळायला फार उशीर झाला. नर्सरीतून आणलेल्या जवळजवळ प्रत्येक कुंडीत आंबुटीचं एखादं पिल्लू असतंच, आणि ते झाडाच्या खोडाला खेटून असल्यामुळे दिसत नाही. नवीन कुंडी आणली की वरची बोटभर माती खरवडून फेकायची, बाहेरचं अंग धुवायचं, आणि महिनाभर लॉनपासून चार पावलं लांब ठेवायची. लॉन साफ, फटी साफ, आणि गच्चीच्या कठड्यावरच्या कुंडीतून शेंगा रोज खाली बंदुका झाडतायत, असं माझ्याकडे आख्खं एक वर्ष चाललं होतं.

एक उपकथा सांगते. मक्याच्या पानावर तांबेरा पाडणारी बुरशी तिच्या आयुष्याचा एक टप्पा ऑक्झॅलिसवर काढते, म्हणजे मका लावणाऱ्यांना हिच्यावर राग असायला अजून एक कारण. उलट आशियात बऱ्याच ठिकाणी दिसणारं ते नखाएवढं फिकट निळं फुलपाखरू, लॉनवर अगदी खालून उडणारं, त्याच्या अळ्या आंबुटीचीच पानं खाऊन वाढतात. हे वाचल्यापासून मी मागच्या बाजूला एका पसरट कुंडीत आंबुटी मुद्दाम ठेवलीय, लॉनपासून शक्य तितकी लांब. पानांना हात लावत नाही. रविवारी सकाळी ओलं फडकं घेऊन शेंगा तेवढ्या काढते.